पायथनच्या स्प्लिटमध्ये इग्नोरकेस दिलंय तरी ऑर्डर अर्धवटच तुटतेय, काय लोचा आहे?

हाफ_कटिंग

नमस्कार मंडळी, फोनवरून लिहितोय, लॅपटॉप मावशीकडे राहिलाय आणि दर दोन शब्दांनी कीबोर्डची भाषा बदलायचा कंटाळा आलाय, त्यामुळे कोडसुद्धा देवनागरीतच टाकतो, समजून घ्या.

तर मावशीचं लोअर परळला पोळीभाजी केंद्र आहे. दुपारी अकरा ते एक आजूबाजूच्या ऑफिसांमधून व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी येतात, मावशी एका हाताने पोळ्या लाटणार आणि दुसऱ्या हाताने फोन धरून वहीत उतरवणार, फोनला कायम कणीक लागलेली. मी बीएस्सी आयटी सेकंड इयरला, मला शहाणपणा सुचला, म्हटलं मी स्क्रिप्ट लिहून देतो, मेसेज पेस्ट करायचा की एकेक पदार्थ वेगळ्या ओळीवर चिठ्ठीत छापून येणार.

लोक लिहितात रोमन मराठीत. म्हणजे "आणि" हा शब्द ए-एन-आय असा. पण कोणाचं सगळं स्मॉल, कोणाचा फोन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि एक साहेब तर कायम कॅप्स लॉकमध्येच असतात, जेवण मागतायत की भांडतायत कळत नाही. खाली मी रोमनवाल्याला "आनि" लिहितोय, पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर एक चांदणी, सगळं कॅपिटल असेल तर दोन.

काल आलेली ऑर्डर:

२ वडापाव आनि १ मिसळ आनि* १ पानि बाटली आनि ३ कटिंग आनि १ कांदा भजी

माझी ओळ (री म्हणजे पायथनचं पॅटर्न शोधणारं मॉड्यूल, स्प्लिट म्हणजे तो पॅटर्न सापडेल तिथे मजकूर तोडणारं फंक्शन, इग्नोरकेस म्हणजे केस, कॅपिटल-स्मॉल, सारखंच धर):

री.स्प्लिट("आनि", ऑर्डर, री.इग्नोरकेस)

आणि चिठ्ठीवर काय आलं तर पहिली ओळ २ वडापाव, दुसरी ओळ "१ मिसळ आनि* १ पी", आणि तिसरी ओळ म्हणजे "बाटली आनि ३ कटिंग आनि १ कांदा भजी" हे सगळं एका दमात. चिठ्ठी अरुंद आहे, तिसरी ओळ मध्येच कापली गेली, भजी छापलीच नाही, ती गेलीच नाही, तिकडून फोन आला आणि मावशी मला म्हणाली की तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा माझी वही बरी.

घरी टेस्ट केलेलं तेव्हा "१ चहा आनि १ बनमस्का आनि १ खारी" एकदम व्यवस्थित तुटत होतं. म्हणून जास्त डोक्याला शॉट लागलाय. इग्नोरकेस स्प्लिटमध्ये चालत नाही का? पायथन ३.१० आहे.

जिन्यातला_प्रोग्रामर

चालतं रे, पण तू ते दिलंच नाहीयेस. म्हणजे दिलंयस, चुकीच्या खुर्चीवर बसवलंयस.

री.स्प्लिटला पहिलं पॅटर्न, दुसरं स्ट्रिंग म्हणजे तोडायचा मजकूर, तिसरं मॅक्सस्प्लिट म्हणजे जास्तीत जास्त किती वेळा तोडायचं, आणि चौथं फ्लॅग्ज म्हणजे इग्नोरकेससारख्या सूचना. तू नाव न लिहिता तिसऱ्या जागी इग्नोरकेस टाकलंस, ते मॅक्सस्प्लिटमध्ये जाऊन बसलं. आता तुला वाटेल मग एरर का नाही आली. कारण पायथनमध्ये हे फ्लॅग आतून आकडेच असतात, इंटफ्लॅग, आणि इग्नोरकेसची किंमत आहे २. प्रिंट(इंट(री.इग्नोरकेस)) करून बघ, २ येईल. म्हणजे तू पायथनला सांगितलंस की बाबा जास्तीत जास्त दोनदा तोड, आणि कॅपिटल-स्मॉलबद्दल एक अक्षर बोलला नाहीस.

आता तुझीच ऑर्डर बोट ठेवून वाच. वडापावनंतरचं स्मॉल आनि, हा पहिला घाव. मिसळनंतरचं कॅपिटलवालं, ते केस वेगळी म्हणून सोडलं. मग "पानि", पी-ए-एन-आय, त्यात शेवटी ए-एन-आय बसलाय ना, तिथे दुसरा घाव, म्हणून तुझ्या चिठ्ठीवर "१ पी" उरला. दोन झाले, कोटा संपला, पुढचं सगळं जसंच्या तसं तिसऱ्या तुकड्यात. आणि घरच्या टेस्टमध्ये नेमके दोनच आनि होते, दोन्ही स्मॉल. तिथे तू पास होणारच होतास.

नाव लिहून दे, बस:

री.स्प्लिट("आनि", ऑर्डर, फ्लॅग्ज=री.इग्नोरकेस)

ही चूक होते कारण सर्च, मॅच, फाइंडऑल या सगळ्यांत तिसरी जागा फ्लॅग्जचीच आहे, हाताला सवय लागते. री.सबमध्येही, म्हणजे शोधून बदलणाऱ्या फंक्शनमध्ये, हाच खड्डा आहे, तिथे चौथी जागा काउंटची, फ्लॅग टाकलास तर पहिले दोनच बदलतो आणि बाकीचे तसेच. मी स्वतः यात एक अख्खा शनिवार घालवलाय. पायथन ३.१३ पासून मॅक्सस्प्लिट आणि फ्लॅग्ज नावाशिवाय दिले तर डेप्रिकेशन वॉर्निंग येते, म्हणजे ही पद्धत आता वापरू नका असा इशारा, तुझ्या ३.१० ला ते नशीब नाही.

मुलुंड_स्लो

हाहा जावामध्ये पण डिट्टो हाच प्रकार आहे आणि आकडासुद्धा तोच. पॅटर्न.केस_इनसेन्सिटिव्हची किंमत २ आणि स्ट्रिंगच्या स्प्लिटला दुसरं आर्ग्युमेंट लिमिट असतं, आमच्या टीमला नवीन आलेल्या एकाने तिथे तो कॉन्स्टंट टाकलेला, कंपाइल मस्त झालं कारण शेवटी इंटच आहे तो. फरक एवढाच की जावाचं लिमिट तुकड्यांचं असतं, म्हणजे २ दिलं की दोनच तुकडे आणि उरलेलं सगळं दुसऱ्यात, पायथनचं मॅक्सस्प्लिट म्हणजे घावांचा आकडा म्हणून तीन तुकडे.

जावात आम्ही सरळ पॅटर्नच्या तोंडालाच कंसात प्रश्नचिन्ह आणि आय लिहितो, (?आय), की काम झालं. पायथनलाही ते चालतं पण सुरुवातीलाच लिही, मध्ये कुठे घुसवलंस तर ३.११ पासून थेट एरर.

हाफ_कटिंग

जिन्यातले दादा तुम्ही देव आहात. २ निघाला खरंच!! मी दोन तास पॅटर्नकडे बघत बसलेलो आणि पॅटर्नमध्ये काहीच नव्हतं.

पण आता उलटं झालंय, आता जास्तच तुटतंय. पाच पदार्थांचे सहा तुकडे. पानि बाटलीचं "१ पी" आणि "बाटली" आहेच, वर शुक्रवारच्या ऑर्डरी टाकून बघितल्या तर बिर्यानिचं "बिर्य", इरानि चहाचं "इर", आणि अनिता मॅडमच्या नावाने पार्सल होतं त्यांचं तर पुढचं ए-एन-आयच उडालं, चिठ्ठीवर नुसतं "ता मॅडम". आधी निदान कॅपिटलवाल्या अनिता मॅडम वाचत होत्या, आता इग्नोरकेसने त्यांनाही गाठलं.

नऊवारी_नोड

पॅटर्नमधल्या आनिच्या दोन्ही बाजूंना वर्ड बाउंड्री, म्हणजे शब्दाच्या कडेची खूण, लाव, बॅकस्लॅश बी. म्हणजे ए-एन-आय हा सुटा शब्द असेल तरच तोडेल. पानि, बिर्यानि यांच्यात अलीकडे अक्षर चिकटलंय म्हणून सुटतील, अनितामध्ये पलीकडे चिकटलंय म्हणून सुटेल. पॅटर्नच्या अवतरणाआधी आर लावायला विसरू नकोस, रॉ स्ट्रिंग, नाहीतर पायथन बॅकस्लॅश बीला बॅकस्पेस समजतो आणि मग काहीच मॅच होत नाही, आणि तू इथे परत येऊन विचारणार की बाउंड्री चालत नाही का.

लोक डबल ए लावून "आआनि"पण लिहितात, मधलेच कोणी अँड लिहितात. ते पाइप, म्हणजे "किंवा"वाली उभी रेघ, टाकून कंसात घालशील ना, तर कंस उघडल्यावर लगेच प्रश्नचिन्ह आणि कोलन टाक, ?: असं. साधा कंस दिलास तर स्प्लिट तोडलेला शब्दही यादीत परत घालतो.

हाफ_कटिंग

ताई हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत :( साधा कंस टाकून मी चिठ्ठी काढली होती. तीन नंबरच्या टेबलाला "वडापाव, आनि, चहा" अशा तीन ओळी आणि आनिचा भाव सापडला नाही म्हणून शून्य रुपये. मावशीने ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आहे.

सीएसटी_ते_सीपीयू

मी आपलं म्हाताऱ्याचं मत देतो, आवडलं तर घ्या. रेजेक्समध्ये, म्हणजे या पॅटर्नच्या भाषेत, केस इग्नोर करण्यापेक्षा आलेला मेसेज आधी अख्खाच लोअर, म्हणजे सगळा स्मॉल, करून टाक. भाव शोधताना तरी तुला "मिसळ" स्मॉलमध्येच लागणार आहे ना, डिक्शनरीत तू चार प्रकारे थोडीच लिहून ठेवणार. एकदाच लोअर, मग साधं स्प्लिट, फ्लॅगचा प्रश्नच मिटला. आमच्या वेळी पीएचपीत यासाठी वेगळं स्प्लिटआय नावाचं फंक्शनच होतं, ५.३ मध्ये डेप्रिकेट केलं आणि ७.० ला उडवलंच, आता प्रेग_स्प्लिट वापरा आणि शेवटच्या स्लॅशनंतर आय लावा. जावास्क्रिप्टमध्येही आय पॅटर्नलाच चिकटलेला असतो, त्यामुळे ही खुर्ची चुकायची भानगड तिथे होत नाही. पण तिथे लिमिट दिलं तर उरलेली शेपटी फेकूनच देतात, परत मिळत नाही, तेवढं लक्षात असू दे.

जिन्यातला_प्रोग्रामर

लोअरला माझा विरोध नाही काका, पण चिठ्ठीवर नावं आणि विंगचे नंबर पण छापायचेत त्याला, ते सगळे स्मॉल झालेले लोकांना आवडत नाहीत. तोडताना मूळ मेसेज ठेवावा आणि भाव शोधताना तेवढ्या तुकड्याला लोअर करावं. शिवाय लोअर केल्यावर स्ट्रिंगची लांबी तेवढीच राहील याचीही गॅरंटी नसते, टर्किशमधला वर टिंब असलेला कॅपिटल आय पायथनमध्ये लोअर केला की एकाचे दोन कॅरेक्टर होतात. लोअर परळला तसली ऑर्डर येणार नाही हे मान्य.

हाफ_कटिंग

नवीन भानगड. आज एका काकूंनी शुद्ध देवनागरीत मेसेज पाठवला, "२ वडापाव व १ चहा". म्हटलं सोप्पंय, पॅटर्नमध्ये "आणि", "नि" आणि "व" वाढवतो, त्यांना पण दोन्हीकडून बॅकस्लॅश बी. चिठ्ठीवर आलं:

२ वडापा
(रिकामी ओळ)
१ चहा

वडापावातला व खाल्ला!! आणि दुसऱ्या एका मेसेजमध्ये "आणि" होतं खरं खरं, स्पेलिंगही बरोबर, ते तुटलंच नाही. देवनागरीला तर कॅपिटल-स्मॉल नसतंच, मग इथे काय अडलं? मावशी विचारतेय वडापा म्हणजे गुजराती आहे का.

नऊवारी_नोड

आई शप्पथ, वडापा :D

हा केसचा नाही, मात्रांचा घोळ आहे, आणि चूक माझीच, बॅकस्लॅश बी मीच सुचवली, देवनागरीचं डोक्यात नव्हतं. पायथनच्या री मॉड्यूलला शब्दातलं अक्षर म्हणजे काय तर इजअलनम (हे अक्षर किंवा आकडा आहे का ते सांगणारं फंक्शन) ज्याला हो म्हणेल ते, अधिक अंडरस्कोर. आपल्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे युनिकोडमध्ये स्वतंत्र कॅरेक्टर आहेत आणि त्यांना इजअलनम नाही म्हणतं. म्हणजे री मॉड्यूलच्या नजरेत प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द संपतो. "मुंबई"वर फाइंडऑल चालवून बघ बॅकस्लॅश डब्ल्यू (शब्दातलं अक्षर) आणि प्लस (एक किंवा जास्त) देऊन, "म" आणि "बई" असे दोन शब्द मिळतील, उकार आणि अनुस्वार दोन्ही गायब.

आता तुझा वडापाव बघ. पहिल्या "व"च्या पुढे ड आहे, अक्षराला अक्षर चिकटलंय, बाउंड्री नाही, म्हणून तो वाचला. शेवटच्या "व"च्या आधी "पा"चा काना आहे, काना म्हणजे त्याच्या मते अक्षर नाही, म्हणून तिथे बाउंड्री. पुढे स्पेस, तिथेही बाउंड्री. झाला की तो सुटा "व". शेवमध्ये पण हेच होईल, मिसळीवरची शेव तुझी "शे" होऊन येईल.

आणि "आणि"चं उलट. तो संपतो वेलांटीवर, वेलांटी अक्षर नाही, पुढची स्पेस पण अक्षर नाही, दोन्ही बाजू सारख्या, मग बाउंड्री कुठली. म्हणून मॅचच होत नाही. "नि"चं पण तेच.

री सोडून पिपने (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल टाकलंस तर त्याचा बॅकस्लॅश डब्ल्यू मात्रा शब्दातच धरतो. पण तुझ्या कामाला त्याचीही गरज नाही, बाउंड्री सोड आणि दोन्हीकडे स्पेसच माग, बॅकस्लॅश एस प्लस, म्हणजे एक तरी स्पेस. पावच्या काना आणि "व"मध्ये स्पेस नाही ना, मग तो सुखरूप.

मुलुंड_स्लो

+१ स्पेसला. आणि लोक अॅम्परसँड आणि प्लसचं चिन्ह पण टाकतात, "२ चहा & १ बन", तिथे बॅकस्लॅश बी तसाही फुकट गेला असता कारण चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस असली की बाउंड्रीच नसते. चिन्हांसाठी पाइपचा वेगळा भाग कर, स्वल्पविराम, & आणि + चौकोनी कंसात, आजूबाजूची स्पेस असली नसली तरी चालेल अशी, म्हणजे बॅकस्लॅश एसला प्लसऐवजी चांदणी. स्वल्पविरामानंतर स्पेस द्यायची पद्धत व्हॉट्सअॅपवर कोणाला माहीतच नाही.

हाफ_कटिंग

झालं, आता हे आहे: एक भाग चिन्हांचा, आजूबाजूला स्पेस असो नसो. दुसऱ्या भागात दोन्हीकडे स्पेस सक्तीची आणि मध्ये ?: वाल्या कंसात आनि, आआनि, अँड, आणि, नि, व. फ्लॅग्ज= लिहून इग्नोरकेस, आणि हे सगळं एकदाच री.कंपाइल करून, म्हणजे पॅटर्न आधीच तयार करून, ठेवलंय, त्यात दुसरीच जागा फ्लॅग्जची असते म्हणून तिथे चुकायला वावच नाही. प्रत्येक तुकड्याला स्ट्रिपमध्ये (दोन्ही टोकांचं नको ते काढणारं फंक्शन) स्पेसबरोबर टिंब पण दिलंय, कारण कॅपिटल आनि मुख्यतः तिथेच येतो जिथे लोक "२ चहा." असं टिंब मारून पुढे लिहितात आणि फोन पुढचं अक्षर मोठं करतो.

मागच्या आठवड्याच्या ६४ ऑर्डरी चालवल्या, ६३ बरोबर.

चौसष्टावी: बरेच जण "आणि"च्या जागी नुसतं स्मॉल एन लिहितात, "२ चहा एन १ बन", म्हणून तो पण कंसात वाढवला होता. आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये एन विंग आहे. "२ थाळी एन विंग ३ रा मजला", तो एन कॅपिटल, पण इग्नोरकेसमुळे तिथेही तुटलं, आणि चिठ्ठीत "विंग ३ रा मजला" हा पदार्थ झाला.

सीएसटी_ते_सीपीयू

बघ, माझं ऐकून सगळं लोअर केलं असतंस तर इथे कायमचाच अडकला असतास. शब्द मागे घेतो.

जिन्यातला_प्रोग्रामर

हाहा काका. तेवढ्या एका एनपुरतं इग्नोरकेस बंद करता येतं. पायथन ३.६ पासून कंसातल्या कंसात फ्लॅग काढता येतो: कंस उघड, प्रश्नचिन्ह, वजाबाकीचं चिन्ह, आय, कोलन, मग एन, कंस बंद. (?-आय:एन). बाकी सगळ्यांना इग्नोरकेस राहील, हा एकटा स्मॉलच धरेल. कॅप्स लॉकवाले साहेब एन लिहितात का तेवढं बघून घे.

हाफ_कटिंग

साहेब आनि लिहितात, एन नाही, मावशीची जुनी वही उघडून खात्री केली. तो कंस टाकला, ६४ पैकी ६४. आज दुपारी एन विंगच्या दोन थाळ्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि वडापावला त्याचा व परत मिळाला. थ्रेडवर सुटला म्हणून टिक करतोय, फ्रिजवरची शून्य रुपयेवाली चिठ्ठी मात्र मावशी काढू देत नाहीये.